झालं का गं तुझं?

हा प्रश्न गेल्या दोन वर्षांत मी माझ्या लेकीला किती वेळा विचारला असेल? दिवसातून दोनदा धरला तरी हिशेब चौदाशेच्या वर जातो. सकाळी चहाचा कप तिच्या टेबलावर ठेवताना एकदा आणि रात्री तिच्या खोलीतला दिवा अजून चालू दिसला की एकदा. तिचं उत्तरही ठरलेलं. मान वर न करता, “होतंय.”

माझी लेक सत्तावीस वर्षांची आहे. हिंजवडीतली चांगली नोकरी तिने दोन वर्षांपूर्वी सोडली. लग्नासाठी नाही, परदेशी जाण्यासाठी नाही, आजारपणामुळेही नाही. कॉम्प्युटरवरचा एक गेम करायचा म्हणून सोडली. नाशिकची तिची कॉलेजातली मैत्रीण प्रोग्रॅमिंग बघते, आणि चित्रं, रचना, संगीत हे सगळं हिच्याकडे. कंपनी नाही, साहेब नाही, पगारही नाही. नोकरीत साठवलेले पैसे आणि आमच्या घरातली मागची खोली, एवढंच भांडवल.

आता हे लोकांना सांगायचं कसं? “मुलगी काय करते?” या प्रश्नाला डॉक्टर, सीए, बँकेत आहे अशी एका शब्दाची उत्तरं असली की बरं असतं. मध्यंतरी एक स्थळ आलं होतं. मुलाच्या आईने विचारलं तेव्हा मी घुटमळत म्हटलं, “गेम तयार करते.” त्या बाई छान हसल्या आणि म्हणाल्या, “अय्या, म्हणजे लहान मुलांचं काहीतरी! छंद म्हणून चांगलंय.” धाकट्या वन्सं तर स्पष्टच बोलतात, “वहिनी, तुम्ही फार लाडावून ठेवलंय तिला. घरात बसून कुणी काम करतं का?”

घरात बसून! मला हसावं की रडावं कळेना. तीस वर्षं मीही घरात ‘बसूनच’ आहे की! तरीही खरं सांगते, त्यांचं ते वाक्य मला आतून पटलेलंच होतं. नाहीतर मी चौदाशे वेळा तो प्रश्न कशाला विचारला असता?

गेमची गोष्ट तशी साधी आहे. कोकणातलं एक बंद पडलेलं घर. एक मुलगी तिथे येते आणि एकेक खोली उघडत जाते. दार उघडलं, एखादी वस्तू तिच्या जागी ठेवली, की त्या खोलीत उजेड येतो, आवाज येतात, आजीच्या आयुष्यातली एखादी आठवण कळते. मारामारी नाही की बंदुका नाहीत. घर माझ्या माहेरचंच. लेक लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत तिथे राहिलेली. आता त्याला कुलूप आहे.

सहा-सात महिने झाले असतील, तेव्हा एका दुपारी तिने मला हाताला धरून स्क्रीनसमोर बसवलं. “बघ, तुझं घर.” मी बघितलं. अंगणात तुळशीवृंदावन, ओटीवर झोपाळा, भिंतीला लखलखीत तांब्याची भांडी, उंबऱ्यावर रांगोळी. सुंदर होतं हो! पण मला काही ते माझं वाटेना. मी म्हटलं, “या घरात कुणी राहतं का गं?”

“म्हणजे?”

“हे जाहिरातीतल्या हॉटेलसारखं दिसतंय. चुलीमागची भिंत इतकी पांढरी कशी? दाराला रोज हात लागतो तिथलं लाकूड काळं-गुळगुळीत व्हायला हवं. घंगाळ्याला एक पोचा होता. आणि आजी ओटीवर कुठे बसायची? ओटी बाप्यांची. आजी मागच्या दाराशी. तांदूळ निवडायला तिथेच उजेड यायचा. आम्ही सगळ्या बायका परसदारानेच ये-जा करायचो. पुढच्या दाराने आजी गेली ती लग्न होऊन आली तेव्हा, आणि मग एकदम शेवटी.”

मी सहज बोलून गेले. लेक मात्र गप्प झाली. दोन दिवसांनी कळलं, की तिने तीन महिन्यांची चित्रं बाजूला टाकलीत. गेम आता परसदाराने सुरू होणार होता. विहिरीपासून, न्हाणीघरावरून, स्वयंपाकघरातून. पुढची ओटी अगदी शेवटी उघडणार. नुसती चित्रं बदलून भागणार नव्हतं. खेळणारा कुठून शिरतो, त्याला आधी काय दिसतं, कोणती वस्तू कुठे सापडते, हे सगळं फिरलं.

“अगं, पण एवढं केलेलं फुकट गेलं ना!” मी हळहळले.

“फुकट नाही गेलं, आई. घर कसं करायचं नाही ते कळलं,” ती म्हणाली. आणि दोन दिवसांनी चहा ठेवताना माझ्या तोंडून पुन्हा निघालंच, “झालं का गं तुझं?” उशीर मी करवला होता आणि वर प्रश्नही माझाच!

संगीताची तर आणखी मजा. मला वाटायचं, सिनेमाला असतं तसं एक गाणं बसवलं की झालं. पण सिनेमा कधी कुठे पोचणार ते दिग्दर्शकाला ठाऊक असतं. गेममध्ये तसं नाही. खेळणारा एका खोलीत दोन मिनिटं थांबेल, नाहीतर अर्धा तास. त्यामुळे दीड मिनिटाची धून अशी बांधायची, की ती संपून पुन्हा सुरू झाली हे कानाला कळताच कामा नये. शेवटच्या सुराची आस पहिल्या सुरात मिसळली पाहिजे. ऐकताना मला आमच्या गुरुजींचं समेवर येणं आठवलं. आवर्तन कितीही वेळा फिरो, सम आली की धक्का बसायला नको, उलट बरं वाटायला हवं. धून फार आकर्षक झाली तरी पंचाईत. चौथ्या फेरीला ती डोक्यात जाते. आणि फारच साधी झाली तर घर मुकं वाटतं.

दुसरी गंमत म्हणजे तिचे थर. पहिल्या खोलीत नुसता तानपुऱ्यासारखा एक सूर. दुसरी खोली उघडली की त्यावर ठेका चढतो, तिसरीत बासरी येते. सगळे थर एकाच लयीत आधीच बसवून ठेवलेले असतात, आणि खेळणारा जसा पुढे जाईल तसे ते उघडतात. दाराबरोबर गाणंही उघडतं म्हणा ना!

त्यातला ठेका कशाचा आहे माहितीये? ताक घुसळायच्या रवीचा. माझ्याकडून तिने तो करून घेतला, रात्री साडेबारा वाजता. दिवसा रस्त्यावरचे हॉर्न, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या. रात्री पंखा बंद, फ्रिजसुद्धा बंद, कारण त्याची घरघर माइकमध्ये येते. घामाघूम होऊन मी रवी घुसळतेय आणि हे दारात उभं राहून विचारताहेत, “अगं, या वेळी ताक?” त्या रात्री आम्ही तिघं पोट धरधरून हसलो. आणि त्या सगळ्या खटाटोपातून तिच्या कामाला आला तो फक्त आठ सेकंदांचा तुकडा.

तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा प्रकाश पडला. आठ सेकंदांसाठी एक रात्र लागते. अंगणातला संध्याकाळचा उजेड बरोबर पडायला आठवडा लागतो. आणि तो बरोबर पडला, की बघणाऱ्याला त्यात काही केलंय असं वाटतच नाही. हे काम कुठल्या कामासारखं आहे? आपल्याच! घर आवरलेलं असलं की कुणाच्या लक्षात येत नाही. नसलं की सगळ्यांच्या येतं.

मग मी जरा माहिती काढायला लागले. लेकीने अमेरिकेतल्या एरिक बरोन या तरुणाची गोष्ट सांगितली. २०११ साली पदवी घेतल्यावर त्याला मनासारखी नोकरी मिळेना, म्हणून सराव व्हावा या हेतूने त्याने शेतीचा एक गेम करायला घेतला. रचना, चित्रं, गोष्ट, प्रोग्रॅमिंग, संगीत, सगळं एकट्याने. काढलेली चित्रं आवडली नाहीत की तो ती पुन्हा काढी. थोडेथोडके नाही, साडेचार वर्षं हे चाललं. ‘स्टार्ड्यू व्हॅली’ हा तो गेम २०१६च्या फेब्रुवारीत आला आणि दोन महिन्यांत त्याच्या दहा लाखांवर प्रती खपल्या. २०२४ अखेर हा आकडा चार कोटींच्या पुढे गेला होता. त्यातल्या संगीताचे वाद्यवृंदासह देशोदेशी कार्यक्रम झाले. ते संगीतही याच मुलाने घरच्या कॉम्प्युटरवर रचलेलं.

गोष्ट ऐकून सगळे म्हणतात, “बघा, एकट्याने केलं!” मी बायकी प्रश्न विचारला, “त्या साडेचार वर्षांत घरभाडं कोण भरत होतं?” उत्तर मिळालं. तो स्वतः संध्याकाळी एका नाट्यगृहात प्रेक्षकांना जागा दाखवायचं काम करायचा, पण घराचा मोठा भार उचलला तो त्याच्या जोडीदारणीने. ती नोकऱ्या करत होती, पुढचं शिक्षणही घेत होती. मग तो गेम ‘एकट्याने’ केलेला कसा? त्याच्या कष्टांना कमी लेखत नाही हं मी. पण त्या चार कोटींत तिचाही वाटा आहे, एवढंच म्हणतेय.

दुसरी गोष्ट त्याहून जुनी आहे आणि मला फार आवडली. १९८० साल. अमेरिकेत लॉस एंजलिसजवळ राहणारी रोबर्टा विल्यम्स ही सत्तावीस वर्षांची गृहिणी, पदरात दोन लहान मुलं. कॉम्प्युटरवरचे, नुसते शब्दांचे खेळ तिने खेळले आणि तिला वाटलं, यात चित्रं का असू नयेत? स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तिने एका रहस्यमय घराची गोष्ट रचली, सत्तरेक रेखाचित्रं काढली. नवरा केन प्रोग्रॅमर. त्याने प्रोग्रॅम लिहिला. ‘मिस्टरी हाऊस’ हा गेम त्यांनी घरच्या घरी प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून विकला. चित्रं असलेला तो पहिला साहसखेळ मानला जातो. त्यातून पुढे ‘सिएरा’ ही मोठी कंपनी उभी राहिली. म्हणजे ‘घरात बसून कुणी काम करतं का?’ याचं उत्तर पंचेचाळीस वर्षांपूर्वीच, तेही स्वयंपाकघरातून, मिळालेलं आहे!

आणि फार लांब कशाला जायचं? आपल्या पुण्यातल्याच ‘नॉडिंग हेड्स’ या छोट्या कंपनीने ‘राजी’ हा गेम केला. हरवलेल्या धाकट्या भावाला शोधायला निघालेल्या मुलीची ती गोष्ट. त्याच्या कलेची बाजू सांभाळणारी श्रुती घोष ही कंपनीच्या संस्थापकांपैकी एक. २०१७ मध्ये त्यांनी लोकांकडून पैसे उभे करायचा प्रयत्न केला, तो फसला. तरी ते थांबले नाहीत. २०२० मध्ये ‘राजी’ जगभर गेला. मधल्या तीन वर्षांत त्यांच्या घरच्यांनीही “झालं का?” हे किती वेळा विचारलं असेल, असं माझ्या मनात येऊन गेलं.

आता मुद्द्याचं बोलते. आपल्या घराघरांतून मुलांना वेळ देण्याची पद्धत आहेच की! आमच्याच सोसायटीत एक मुलगा स्पर्धा परीक्षांच्या तयारीला बसलाय. चौथं वर्ष. त्याची आई पहाटे उठून त्याला डबा देते, तो अभ्यासिकेत जातो, वडिलांनी निवृत्तीच्या पैशांतून क्लासची फी भरलीय. टीव्हीचा आवाज लहान ठेवतात. पाहुण्यांना सांगतात, “अभ्यास चाललाय त्याचा.” यश मिळेल याची खात्री कुणालाच नाही, तरी सगळं घर त्याच्या मागे उभं आहे. असावंच. पण मुलीने दोन वर्षं मागितली, की लगेच “वय निघून चाललंय” कसं ऐकू येतं? मुलाचा तो ‘प्रयत्न’ आणि मुलीचा तो ‘हट्ट’? त्याला चार संधी आणि हिला पहिल्याच वर्षी हिशेब?

आणि मुलगी घरात असली, की तिचा वेळ सगळ्यांचा होतो. गॅसवाला आला, बघ जरा. आजीला दवाखान्यात ने, तू घरीच आहेस ना! कुरिअर घे, पाहुण्यांना चहा टाक. मीही हे केलंय. धून जुळवत हेडफोन लावून बसलेल्या मुलीला कोथिंबीर निवडायला मी दहादा उठवलंय. तिच्या धाकट्या भावाला उठवलं नसतं. तो परीक्षेला बसला होता ना!

याचा अर्थ आंधळेपणाने डोक्यावर घ्या असा नाही. ‘स्टार्ड्यू’सारखं यश हजारात एखाद्याला मिळतं. गेम विकण्याचं ‘स्टीम’ नावाचं जे मोठं दुकान इंटरनेटवर आहे, तिथे एकट्या २०२४ मध्ये १८ हजारांहून जास्त नवे गेम आले. त्या गर्दीत आमच्या कोकणातल्या घराकडे कोण वळून बघणार? कदाचित कुणीच नाही. हे लेकीलाही ठाऊक आहे. म्हणून आम्ही तिघांनी बसून हिशेब मांडला. तिची शिल्लक दिवाळीपर्यंत पुरेल. त्यानंतर सहा महिने घरखर्चात तिच्याकडून काही घ्यायचं नाही. तोवर गेम बाहेर पडला तर उत्तम, नाहीतर तिने अर्धवेळ नोकरी धरायची आणि उरलेल्या वेळात काम पुढे न्यायचं. हे सगळं वहीत लिहून ठेवलंय. लाड वेगळे आणि पाठिंबा वेगळा. पाठिंब्याला मुदत असते, हिशेब असतो आणि विश्वासही असतो.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. ती सांगितल्याशिवाय हे लिहिणं खोटं ठरेल.

लग्नाआधी मी गाणं शिकत होते. मध्यमा पूर्णपर्यंतच्या परीक्षा झाल्या होत्या, विशारदचा फॉर्म भरून ठेवला होता. मग लग्न ठरलं. कुणीही मला “गाऊ नकोस” म्हटलं नाही, खरंच नाही. सगळे म्हणाले, “गाणं काय, पुढेही करता येईल.” सासरी सुरुवातीला मी सकाळी तानपुरा काढायचे. सासूबाई मायाळू होत्या, कधी रागावल्या नाहीत. स्वयंपाकघरातून फक्त विचारायच्या, “झालं का गं तुझं?” कुकर लावायचा असायचा. हळूहळू मीच तानपुऱ्याला गवसणी घातली. मनाई कधीच झाली नाही. तेवढा प्रश्न पुरला.

गेल्या महिन्यात लेक म्हणाली, “आई, शेवटची ओटी उघडते ना, तिथे मला कुठलंच वाद्य नकोय. एका बाईचा आवाज हवाय. शब्द नकोत, नुसता आलाप. तू गा.” मी म्हटलं, “वेडी आहेस का? तीस वर्षांत सूर लावला नाही. आवाज कापेल.” ती म्हणाली, “कापू दे. बंद घरातला आवाज आहे तो.”

पुन्हा रात्री साडेबारा, पंखा बंद, फ्रिज बंद. पहिले सात प्रयत्न वाया गेले. षड्जच लागेना. आठव्या वेळी लागला. फार वेळ नाही, बारा-तेरा सेकंद टिकला असेल. लेकीने हेडफोन काढले आणि माझ्याकडे नुसती बघत राहिली. हे दाराशी उभे होते. या खेपेला त्यांनी काही विचारलं नाही.

गेम अजून पूर्ण झालेला नाही. दोन खोल्या बाकी आहेत, विहिरीच्या रहाटाचा आवाज अजून जमत नाहीये, आणि माझ्या आलापाला लागून येणारी बासरी तिला पसंत नाही म्हणून ती पुन्हा करतेय. उद्या तो चालेल की पडेल, मला माहीत नाही. पण एक बदल मी केलाय. चहा ठेवताना आता मी “झालं का?” विचारत नाही. “आज काय केलंस? दाखव बघू,” म्हणते. मग ती खुर्ची सरकवून मला जागा देते. कधी नुसती दाराची कडी काढलेली असते, कधी दोन सूर बदललेले असतात. पाच मिनिटं लागतात बघायला, आणि चहा काही निवत नाही.

मैत्रिणींनो, तुमच्याही घरात एखाद्या खोलीत एखादी मुलगी, सून किंवा तुम्ही स्वतः असं काहीतरी करत बसल्या असाल. गेम असेल, गोधडी असेल, कथा असेल. तिला पैसे देणं प्रत्येकीला जमेल असं नाही. पण पाच मिनिटं शेजारी बसून “दाखव बघू” म्हणायला काय हरकत आहे? आणि कोथिंबीर? ती मुलालाही निवडता येते. आमच्याकडे हल्ली तोच निवडतो.